जुनाट दाहाच्या आजारात हाडांच्या ऑपरेशनआधीचा ॲनिमिया

आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस), सोरायसिसचा संधिवात, आतड्यांचा दाह असे वर्षानुवर्षं चालणारे आजार असलेल्यांचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा कमीच असतं आणि गुडघा किंवा खुबा बदलायची वेळही यांच्यावर जास्त येते. या ऑपरेशनमध्ये आणि नंतरच्या दोनतीन दिवसांत हिमोग्लोबिन साधारण ३ ग्रॅमने खाली येऊ शकतं, म्हणजे आधीच १० असलेला पेशंट ७ वर येतो आणि मग रक्त चढवावं लागतं, त्यातून इन्फेक्शनचा धोका वाढतो, हॉस्पिटलचा मुक्कामही लांबतो. बायकांमध्ये १२ च्या खाली आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली म्हणजे ॲनिमिया ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या, पण मोठ्या ऑपरेशनआधी दोघांनाही १३ च धरावं असं बरेच तज्ज्ञ म्हणतात आणि ते पटतं, कारण रक्त जायचं ते बाईचं काही कमी जात नाही.

मुळात होतं काय, तर दाहामुळे आयएल-६ (दाहाचा संदेश पोचवणारं प्रोटीन) वाढतं, त्याने लिव्हर हेप्सिडिन (लोहावर ताबा ठेवणारं हार्मोन) जास्त बनवतं, आणि हेप्सिडिन पेशींमधून लोह बाहेर सोडणारं दार, म्हणजे फेरोपोर्टिन, बंद पाडतं. लोह कोठारात आहे पण कुलूप लागलंय असा प्रकार. आतड्यातूनही ते नीट शोषलं जात नाही, म्हणून महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या खाऊनही एचबी (हिमोग्लोबिन) जागचं हलत नाही. वर पेनकिलरने पोटातून हळूहळू रक्त जात असतं, ॲसिडिटीच्या गोळ्या शोषण अजून कमी करतात, मेथोट्रेक्सेटवर (संधिवाताचं औषध, ते फॉलिक ॲसिडच्या आड येतं) असेल तर फॉलिक ॲसिड चालू आहे का तेही बघावं लागतं.

घोळ होतो तो रिपोर्ट वाचताना. समजा एचबी १०.२, फेरिटिन (साठवलेल्या लोहाचं माप) ८०, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रोटीन किती भरलेलं आहे ते) १२ टक्के, सीआरपी (दाह दाखवणारी तपासणी) वाढलेलं. लॅबच्या कागदावर फेरिटिन नॉर्मल छापून येतं, पण दाहात फेरिटिन आपोआपच वाढतं, त्यामुळे इथे ३० ऐवजी १०० ची रेघ धरतात, आणि सॅच्युरेशन २० च्या खाली असेल तर लोह कमीच आहे असं समजायचं. नुसतं फेरिटिन बघून पेशंटला परत पाठवणं चूकच.

ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर तपासणी निदान चार आठवडे आधी व्हायला हवी. अशा पेशंटला शिरेतून आयर्न (फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज, आयर्न सुक्रोज वगैरे) देणं जास्त कामाचं, मात्र अंगात इन्फेक्शन चालू असताना ते देत नाहीत. तेवढ्याने भागलं नाही तर एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी बनवायला लावणारं हार्मोन), पण त्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो म्हणून ते निवडक लोकांनाच, सोबत आयर्न आणि गुठळ्या टाळायचं औषध देऊन. मूळ आजार आटोक्यात आणणं हाही उपचारच, फक्त बायोलॉजिक (दाह घडवणाऱ्या ठरावीक प्रोटीनना रोखणाऱ्या) औषधांचा डोस ऑपरेशनच्या तारखेशी जुळवून घ्यावा लागतो, ते संधिवाताच्या डॉक्टरांना विचारूनच. ऑपरेशनच्या वेळी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड दिलं की रक्तस्राव बऱ्यापैकी कमी होतो. नंतर एचबी ८ च्या खाली गेल्याशिवाय किंवा त्रास जाणवल्याशिवाय सहसा रक्त देत नाहीत, आणि डिस्चार्जच्या कागदावर सवयीने लिहिलेल्या आयर्नच्या गोळ्यांचा तेव्हा फारसा उपयोग नसतो, कारण ऑपरेशनमुळेही दाह वाढून हेप्सिडिन चढलेलंच असतं.