गन लॉक झालीय म्हणून गाडी हलत नाही? तसं नाहीये ते

परवा संध्याकाळी आमच्या सोसायटीत लाइट गेली, मी खाली आलो तर पार्किंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरचे काका त्यांच्या इलेक्ट्रिक गाडीत बसून नॉब फिरवतायत, परत फिरवतायत, पण गाडी काही डीला, म्हणजे ड्राइव्हला, पडेना. चार्जरची गन (वायरच्या टोकाचा, पोर्टमध्ये खुपसायचा दांडा) गाडीलाच लावलेली, विसरले होते. काचेवर टकटक करून दाखवलं तर म्हणाले, "अरे पण लाइटच नाहीये, चार्जिंग बंद, मग हिला कळलं कसं? की गन लॉक झालीय म्हणून अडून बसलीय?"

हा घोळ खूप जणांचा होतो. गन लावली की खट्ट आवाज येतो, गन निघत नाही, आणि गाडीही जात नाही, त्यामुळे वाटतं की त्या खट्टनेच गाडी अडवली. पण ही दोन वेगळी माणसं आहेत म्हणा ना. एकजण गन धरून बसलाय, दुसरा गाडी. दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

आधी लॉक. ही एकदम साधी यांत्रिक गोष्ट, चार्जिंग पोर्टच्या कडेला एक बोटाएवढी पिन असते, छोटी मोटर ती पुढे ढकलते आणि ती गनच्या खाचेत जाऊन बसते. काम एकच, चार्जिंग चालू असताना कोणी गन ओढू नये. घरच्या एसी चार्जिंगला याचा मोठा फायदा म्हणजे वायर कोणी पळवत नाही. पण हायवेवरच्या डीसी फास्ट चार्जरला मामला सीरियस आहे, तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि चालू करंटमध्ये गन उपसली तर पिनांमध्ये ठिणगीचा झोत पेटतो. आपल्या घरातला एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो त्यामुळे तसला झोत बऱ्याचदा आपोआप तुटतो, डीसी मात्र शून्यावर येतच नाही, म्हणून तिथे गन धरूनच ठेवायला लागते.

आता दुसरा, इंटरलॉक. यात काही हलत नाही, आवाज नाही. गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो की पोर्टमध्ये गन आहे, तर मोटरला चालायची परवानगी द्यायची नाही. बस.

मग लाइट नसताना त्याला कळतं कसं? मला यातला सगळ्यात आवडता भाग हाच. आपल्याकडच्या गाड्यांचं टाइप २ पोर्ट (गन लावायच्या जागेचा हा एक ठरलेला प्रकार) उघडून बघा, वरच्या ओळीत दोन बारीक पिना दिसतील. एक कंट्रोल पायलट, दुसरी प्रॉक्सिमिटी. नावं पण गोंधळात पाडणारीच. कंट्रोल पायलट म्हणजे चार्जर आणि गाडीमधलं बोलणं, चार्जर १२ व्होल्टचा सिग्नल सोडतो, गाडी जोडली की तो ९ वर येतो, गाडी "दे करंट" म्हणाली की ६ वर. पण हा सिग्नल येतो चार्जरकडून, म्हणजे लाइट गेली की तोही गेला. प्रॉक्सिमिटीचं तसं नाही. गनच्या आतच, त्या पिनेपासून अर्थिंगच्या पिनेपर्यंत, एक रेझिस्टर (करंटला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग) बसवलेला असतो, ३२ अँपियरच्या केबलला २२० ओहमचा, २० वालीला ६८० चा, आणि तो मोजायला गाडी स्वतःच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरचा करंट वापरते. त्यामुळे लाइट असो नसो, चार्जर बंद असो, अगदी वायरचं दुसरं टोक नुसतं जमिनीवर पडलेलं असो, गन आत आहे एवढं गाडीला कळतंच.

नियमही असाच लिहिलाय. युरोपातून आलेल्या, इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षेच्या आर-१०० नियमात म्हटलंय की बाहेरच्या सप्लायचा कनेक्टर गाडीला प्रत्यक्ष जोडलेला असेल तोपर्यंत गाडी स्वतःच्या मोटरवर हलता कामा नये. आपला भारतातला एआयएस-०३८ नियम त्याच धर्तीवर आहे (हे एआयएस नियम पुण्याची एआरएआय, म्हणजे गाड्या तपासणारी संस्था, छापते, वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना ती इमारत माहीत असेल). "चार्जिंग चालू असेल तर" असं नाहीये, "जोडलेला असेल तर" आहे. आणि "स्वतःच्या मोटरवर" हे दोन शब्द पण लक्षात ठेवा, कारण पोडियमच्या उतारावर गाडी न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक विसरलात तर ती घरंगळत जाईल, गन लावलेली असली तरी. इंटरलॉक काही ब्रेक लावत नाही.

अजून एक फट आहे. त्या दोन बारीक पिना मुद्दाम बाकीच्यांपेक्षा आखूड केलेल्या असतात, गन ओढली की आधी त्या सुटतात आणि मोठ्या पिना सुटायच्या आत करंट तुटतो. शहाणपणाचं डिझाइन आहे, पण याचाच अर्थ अर्धवट खुपसलेली गन गाडीला दिसेलच असं नाही. तेव्हा डॅशबोर्डवर गन लागल्याची खूण आली का ते बघायचं.

पेट्रोलला असलं काहीच नाही, नोझल लावून निघालात तर पाइपमधला एक सांधा ठरवून तुटतो आणि गळती थांबवतो, म्हणजे चूक झाल्यावरचा इलाज. सीएनजीवाल्यांना मात्र हे ओळखीचं वाटेल, आता बऱ्याच कंपनी-फिटेड गाड्यांत गॅस भरायचं झाकण उघडं असलं की इंजिन सुरूच होत नाही, तिथे मायक्रोस्विच असतो.

हे सगळं कळून फायदा काय, तर अडकल्यावर चुकीच्या ठिकाणी झटापट करत नाही. गन निघत नसेल तर तो लॉकचा प्रॉब्लेम. आधी मशीनवरून किंवा अ‍ॅपवरून चार्जिंग बंद करायचं, मग गाडी अनलॉक, आणि त्या क्षणी गन ओढायची नाही, उलट किंचित आत दाबून वर उचलून धरायची, कारण डीसीची केबल जाड असते, तिचं सगळं वजन लॉकच्या त्या बिचाऱ्या पिनेवर येतं आणि ती मागे सरकत नाही. माझं एकदा एक्सप्रेसवेवर असंच झालं, दहा मिनिटं ओढाओढ, मागे रांग, शेवटी मागच्या गाडीतल्या ताईंनी येऊन नुसती गन खालून उचलून धरली आणि सुटली. तरी नाही सुटली तर बऱ्याच गाड्यांत डिकीत किंवा बॉनेटखाली लॉक हाताने सोडवायची एक दोरी असते, मॅन्युअलमध्ये जागा दिलेली असते, चार्जिंग पूर्ण बंद करूनच ती ओढायची.

याउलट गन काढलीय तरी गाडी डीला पडत नाही आणि स्क्रीनवर केबल काढा असंच येतंय, तर दोरी ओढून काही होणार नाही. गाडीला अजून रेझिस्टर दिसतोय असं वाटतंय. पोर्टमध्ये पावसाचं पाणी किंवा चिखल आहे का बघा, गन परत पूर्ण लावून काढा, गाडी लॉक करून पाच-दहा मिनिटं झोपू द्या. पिनांमध्ये काडी-पिन काही घालू नका. नाहीच जमलं तर सर्व्हिस सेंटर.

काकांना एवढं सगळं ऐकायला वेळ नव्हता. गन काढली, हुकला न लावता तशीच फरशीवर टाकली आणि तिच्यावरूनच चाक घालून निघून गेले. त्याचं मात्र गाडीला काहीच कळलं नाही.