प्रकल्पातून शिकवताना शिक्षकाचे काम वाढते

धडा शिकवून संपल्यावर विद्यार्थ्यांनी घरून एखादी प्रतिकृती करून आणायची, यालाच सर्रास प्रकल्प म्हटले जाते. प्रकल्पाधारित अध्ययनात हा क्रम उलटा असतो. आधी प्रश्न समोर येतो आणि त्याचे उत्तर शोधता शोधता धड्यातला आशय शिकावाच लागतो. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांच्या शिक्षणविचारातून पुढे आलेली ही कल्पना शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली एका निबंधात पद्धत म्हणून मांडली.

समजा, गरम पाणी जास्तीत जास्त वेळ गरम कसे ठेवता येईल, असा प्रश्न वर्गासमोर ठेवला. शिक्षकांनी स्वतः ओतून दिलेल्या, साधारण ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याची नोंद प्रत्येक गट दर पाच मिनिटांनी करतो. बहुतेक गट भांड्याला बाहेरून कापड किंवा कागद गुंडाळतात आणि तोंड मात्र उघडेच ठेवतात. नुसते झाकण ठेवलेल्या भांड्यातले पाणी आपल्यापेक्षा गरम राहिलेले दिसले, की त्यांना आपल्या गृहीतकाचा फेरविचार करावा लागतो. बाष्पीभवनाचा धडा घेण्याची खरी वेळ हीच. या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,३५० ज्यूल उष्णता निघून जाते, म्हणजे तेवढ्यात साडेपाचशे ग्रॅम पाणी एक अंशाने थंड होऊ शकते. हा आकडा सुरुवातीलाच फळ्यावर लिहिला असता, तर मुलांनी तो निमूटपणे उतरवून घेतला असता. आता त्यांना तो हवा असतो. अर्थात त्याआधी शिक्षकांनी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: दोन्ही भांड्यांत पाणी सारखेच होते का, आणि सुरुवातीचे तापमान? या प्रश्नाशिवाय तुलनेला काहीच अर्थ उरत नाही, आणि मुलांना तो आपणहून सुचेलच असे नाही.

या पद्धतीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप २००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी घेतला. माणसाची कार्यकारी स्मृती, म्हणजे विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी स्मृती, एका वेळी मोजक्याच, साधारण चारएक नव्या गोष्टी सांभाळू शकते. त्यामुळे नवशिक्याला मार्गदर्शनाशिवाय शोध घ्यायला लावले, तर त्याची सगळी शक्ती चाचपडण्यातच खर्च होते, असे त्यांचे म्हणणे. पुढच्याच वर्षी शिक्षणसंशोधक मेलो-सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले, की चांगल्या शोधाधारित अध्यापनात मार्गदर्शनाचा भरपूर आधार मुळातच गुंफलेला असतो. माझ्या मते आक्षेप खराच आहे, पण तो लागू पडतो वाऱ्यावर सोडलेल्या प्रकल्पांना. तापमापी कशी वाचायची, तक्ता कसा आखायचा, आलेख कसा काढायचा, हे आधी सरळ शिकवून टाकावे. ते मुलांनी शोधून काढण्याची वाट पाहण्यात काहीच हशील नाही. सुरुवातीला दिलेला आधार मुले सरावतील तसा कमी करत न्यावा, आणि तो कधी काढायचा हे ठरवण्यासाठी शिक्षकांना प्रत्येक गटापाशी थांबून बोलणे ऐकावे लागते.

मूल्यमापनात मात्र हमखास गफलत होते. गटाचा अहवाल उत्तम असला, तरी त्यातला विचार एकाच विद्यार्थ्याचा असू शकतो. म्हणून शेवटी प्रत्येकाला, वर्गात न केलेल्या प्रयोगाचा, दोन भांड्यांच्या तापमानाचा आलेख द्यावा आणि कोणत्या भांड्यावर झाकण होते व ते कशावरून ओळखले, हे एकेकट्याने लिहायला सांगावे.