सिसलॉगमधील दोषशोधन

युनिक्स आणि युनिक्ससदृश सर्व्हरवरील कर्नल, सेवा व इतर प्रोग्राम आपापल्या घडामोडींचे संदेश ज्या सामायिक यंत्रणेकडे सोपवतात, तिला सिसलॉग म्हणतात. हे संदेश ठरलेल्या फाइलीत (लॉगमध्ये) न पोचणे, भलत्याच फाइलीत जाणे, दोनदा उमटणे किंवा चुकीच्या वेळेने नोंदले जाणे असे बिघाड शोधण्याच्या रीतीची ही नोंद आहे. हे बिघाड बहुधा मुकाट्याने होतात. वेबसाइट बंद पडली तर पाच मिनिटांत फोन खणखणू लागतो. लॉग बंद पडल्याचे कोणालाच कळत नाही, आणि कळते ते नेमके लॉगची गरज पडते त्या दिवशी. रिकामी फाइल पाहून ‘काही घडलेच नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. म्हणून संदेश जिथे जन्मला तिथून निघून फाइलीपर्यंत एकेक टप्पा तपासत जाणे हीच खात्रीची वाट होय. कॉन्फिग (मांडणीच्या नियमांची) फाइल उघडून तिच्यात अंदाजाने फेरफार करत बसण्याने नवे बिघाड तेवढे वाढतात.

पूर्वपीठिका : सिसलॉग एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सेंडमेल या टपाल-प्रोग्रामसाठी लिहिला. पुढे तो बीएसडी या बर्कलीच्या युनिक्समधून सर्वत्र गेला. त्याची प्रत्यक्षातली चाल आरएफसी ३१६४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात २००१ मध्ये टिपली गेली, तर काटेकोर मानक आरएफसी ५४२४ म्हणून २००९ मध्ये आले. दरम्यान १९९८ मध्ये सिसलॉग-एनजी आणि २००४ मध्ये आरसिसलॉग हे डीमन, म्हणजे पडद्याआड सतत चालणारे प्रोग्राम, निघाले. २०११ च्या अखेरीस सिस्टमडी या लिनक्समधील सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या जर्नलची (तिच्या स्वतःच्या बायनरी लॉगची) घोषणा झाली आणि लॉग साध्या मजकुराच्या फाइलीतच असतो ही समजूतही मोडली. डेबियन १२ या लिनक्स-वितरणात (२०२३) आरसिसलॉग आपोआप बसवला जात नाही; तिथे ‘/व्हार/लॉग/सिसलॉग’ ही फाइल नसणे हा बिघाड नसून मूळ मांडणीच तशी आहे, आणि संदेश ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेने वाचायचे असतात. तेव्हा सर्व्हरवर कोणता डीमन चालू आहे, हा पहिला प्रश्न. एका डीमनसाठी लिहिलेला उपाय दुसऱ्यावर चालवण्यात फुकट गेलेल्या रात्रींचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

नियमांची भाषा : प्रत्येक संदेशाला दोन खुणा असतात. फॅसिलिटी ही उगमाची खूण : कर्नल, मेल, क्रॉन, ऑथ वगैरे, आणि हव्या त्या कामासाठी मोकळ्या ठेवलेल्या लोकल० ते लोकल७, एकूण २४. सिव्हिरिटी ही गांभीर्याची खूण : ० म्हणजे इमर्जन्सी (सर्वांत गंभीर), ७ म्हणजे डीबग (सर्वांत किरकोळ). फॅसिलिटीच्या क्रमांकाला ८ ने गुणून त्यात सिव्हिरिटी मिळवली, की नेटवर्कवरून जाणाऱ्या संदेशाच्या आरंभी कोनी कंसात दिसणारा आकडा मिळतो. कॉन्फिगमधील नियमाच्या डाव्या बाजूला कोणते संदेश आणि उजव्या बाजूला त्यांचे काय करायचे, एवढेच असते.

एवढ्या साध्या भाषेतही फसायला जागा आहे. ‘मेल.वॉर्निंग’ म्हणजे वॉर्निंग आणि त्याहून गंभीर असे सगळे, ‘*.इन्फो’ लिहिलेल्या नियमात डीबग संदेश कधीच येणार नाहीत. जुन्या सिसलॉगडीत (सिसलॉगच्या मूळ डीमनमध्ये) डावी-उजवी बाजू टॅबनेच वेगळी करावी लागे. स्पेस दिली की ती ओळ तक्रार न करता दुर्लक्षिली जाई. फ्रीबीएसडी या बीएसडीच्या वंशजात उद्गारचिन्हापुढे प्रोग्रामचे नाव देऊन एक गट सुरू होतो आणि तो ‘!*’ किंवा दुसऱ्या प्रोग्रामचे नाव येईपर्यंत संपत नाही. फाइलीच्या तळाशी घाईने जोडलेला नवा नियम अशा गटात अडकला, तर तो त्या एकाच प्रोग्रामला लागू होतो. ओळ अगदी बरोबर, जागा चुकीची. शिवाय तिथला सिसलॉगडी नसलेली लॉग फाइल स्वतः तयार करत नाही. ती ‘टच’ने आधी करावी लागते किंवा डीमनला तसा पर्याय द्यावा लागतो.

आरसिसलॉगमध्ये नियमांचा क्रम महत्त्वाचा. ‘आरसिसलॉग.डी’ निर्देशिकेतील फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून त्यांच्या नावांआधी १०, ५० असे आकडे असतात. आधीच्या फाइलीत एखाद्या नियमाला ‘स्टॉप’ जोडलेले असेल, तर तो संदेश तिथेच संपतो आणि पुढच्या फाइलीतल्या नियमाला दिसतही नाही. उलट ‘स्टॉप’ राहून गेला, तर तोच संदेश दोन फाइलींत उमटतो.

तपासणीचा क्रम : प्रथम डीमन चालू आहे ना हे पाहावे आणि ‘आरसिसलॉगडी -एन१’ने कॉन्फिगचे व्याकरण तपासावे. मग ‘लॉगर -पी लोकल४.नोटिस’ या आज्ञेने ओळखू येईल असा चाचणीसंदेश पाठवावा. (मजकुरात ‘टेस्ट’ लिहू नये, दुसऱ्या कोणाच्या तरी ‘टेस्ट’मध्ये तो हमखास हरवतो.) तो फाइलीत उमटला, तर डीमन आणि नियम निर्दोष, दोष संदेश पाठवणाऱ्या प्रोग्रामकडे आहे. तो बहुधा भलत्या फॅसिलिटीने पाठवत असतो, किंवा ‘क्रूट’मध्ये (एकाच निर्देशिकेपुरत्या बंदिस्त जागेत) कोंडलेला असल्यामुळे त्याला ‘/डेव्ह/लॉग’ हा सॉकेट, म्हणजे डीमनकडे संदेश सोपवण्याची खिडकीच, दिसत नाही. अशा प्रोग्रामसाठी त्या कोंडीच्या आत वेगळा सॉकेट उघडावा लागतो.

चाचणीसंदेश उमटला नाही, तर ‘जर्नलसीटीएल’मध्ये पाहावे. तिथे असून फाइलीत नसेल, तर गळती जर्नल आणि आरसिसलॉग यांच्या मध्ये किंवा फाइलीच्या परवानग्यांत आहे. उबंटूत आरसिसलॉग ‘सिसलॉग’ या साध्या वापरकर्त्याच्या नावाने लिहितो. रूटने हाताने तयार केलेल्या फाइलीत त्याला लिहिता येत नाही. रेड हॅट कुळात लॉग ‘/व्हार/लॉग’बाहेर हलवला की एसई-लिनक्स हे लिनक्सचे जादा सुरक्षा-नियंत्रण आडवे येते, आणि त्याची तक्रार ऑडिटच्या वेगळ्या लॉगमध्ये जाते. एसई-लिनक्सच बंद करून टाकणे हा प्रचलित उपाय आहे, पण बरा नाही. नव्या जागेला योग्य लेबल देणे दोन आज्ञांचे काम आहे.

कॉन्फिग बदलून परिणाम दिसत नाही, यामागे जुनी सवयही असते. पारंपरिक सिसलॉगडीला ‘हप’ संकेत दिला की तो कॉन्फिग पुन्हा वाचतो. आरसिसलॉग त्याच संकेताने फक्त फाइली बंद करून पुन्हा उघडतो. नवे नियम लागू करायला त्याला रीस्टार्टच करावे लागते.

दुसऱ्या यंत्राकडून येणारे लॉग : कळंगुट-बागा पट्ट्यातील एखाद्या हॉटेलात पाहुण्यांच्या वाय-फायसाठी फायरवॉल बसवलेली आहे आणि तिचे लॉग पणजीतील कचेरीतल्या लिनक्स सर्व्हरकडे पाठवायचे आहेत, असे समजू. सर्व्हरवर लोकल४ साठी छान वेगळी फाइल केली आहे आणि ती रिकामी आहे. अशा वेळी नेटवर्कवरची पाकिटे दाखवणारा ‘टीसीपीडम्प’ लावून यूडीपी (पोच न मागता पाकिटे पाठवण्याची पद्धत) ५१४ या पोर्टवर पाहावे. पाकिटाच्या आरंभी १८९ हा आकडा दिसला, तर १८९ भागिले ८ म्हणजे २३, बाकी ५ : लोकल७, नोटिस. नेटवर्कच्या अनेक उपकरणांची मूळ मांडणी लोकल७ असते. रेड हॅट कुळातील तयार कॉन्फिगमध्ये लोकल७ चे संदेश ‘बूट.लॉग’मध्ये जातात, त्यामुळे हॉटेलच्या फायरवॉलचा अख्खा लॉग सर्व्हर सुरू होतानाच्या संदेशांत मिसळून पडलेला सापडतो.

टीसीपीडम्पमध्ये पाकीट दिसले म्हणजे ते डीमनला मिळाले, असे मात्र नाही. टीसीपीडम्प सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलआधी पाहतो. पाकीट दारात दिसते आणि आत पोचत नाही, ही स्थिती त्यामुळेच येते. पुढची पायरी म्हणजे त्या पोर्टवर डीमन ऐकतो आहे का हे ‘एसएस’ या आज्ञेने पाहणे. आरसिसलॉगमध्ये यूडीपीचे मॉड्यूल लोड करण्याची ओळ आणि इनपुट उघडण्याची ओळ अशा दोन्ही लागतात; पहिली लिहून दुसरी राहिली तर काहीच ऐकले जात नाही. फ्रीबीएसडीचा सिसलॉगडी मूळ मांडणीत बाहेरचे संदेश घेतच नाही.

यूडीपीत हरवलेल्या पाकिटाची दाद कोणाकडे मागता येत नाही. डिसेंबरच्या गर्दीत एकदम संदेशांचा लोंढा आला की सर्व्हरचा बफर भरतो. ‘नेटस्टॅट -एसयू’मध्ये बफर-चुकांचा आकडा वाढत असेल तर गळती तिथे आहे. म्हणून टीसीपी (पोच घेऊन पाठवण्याची पद्धत) घ्यावे, तर त्याचाही एक डंख आहे. पलीकडचा सर्व्हर बंद पडला आणि पाठवणाऱ्या बाजूला त्या कामासाठी स्वतंत्र रांग नसली, तर मुख्य रांग तुंबते, स्थानिक लॉगही थांबतात आणि शेवटी लॉग लिहू पाहणारे लॉगिनसारखे प्रोग्रामच खोळंबतात. लॉगच्या सर्व्हरमुळे दुसऱ्या सर्व्हरवर लॉगिन होईना, हे ऐकायला विचित्र वाटते. पण डिस्कचा आधार असलेली वेगळी रांग न देण्याचा तो सरळ परिणाम आहे.

संदेश मुद्दामही टाकले जातात. जर्नलडीची (जर्नल लिहिणाऱ्या डीमनची) मूळ मर्यादा एका सेवेमागे ३० सेकंदांत १०,००० संदेशांच्या घरात असते आणि मोकळ्या डिस्कप्रमाणे वाढते. आरसिसलॉगच्या जर्नल-वाचकाची १० मिनिटांत २०,०००. ओलांडली की पुढचे संदेश गळतात. याची नोंद होते, पण एका ओळीत.

पावसाळा आणि वीज : गोव्यात जून ते सप्टेंबर वीज जा-ये करते आणि छोट्या कचेऱ्यांतील यूपीएसच्या बॅटऱ्या बहुधा वय झालेल्या असतात, त्यामुळे सर्व्हर आडवा होऊन पुन्हा उठण्याचे प्रसंग इथे नित्याचे. अशा उठण्यानंतर लॉग फाइलीच्या मध्येच शून्य बाइटांचा पट्टा राहतो आणि ‘ग्रेप’ मजकूर दाखवायचा सोडून ‘बायनरी फाइल जुळते’ एवढेच सांगतो. फाइल खराब झाली म्हणून ती पुसून टाकण्याचे कारण नाही. ‘ग्रेप -ए’ने ती वाचता येते. जर्नलची फाइल नीट बंद झाली नसेल तर जर्नलडी तिचे नाव बदलून नवी सुरू करतो. आरसिसलॉग जर्नलमध्ये कुठवर वाचले याची खूण एका स्थिती-फाइलीत ठेवतो. ती खूण बिघडली की डीमन चालू, जर्नल भरते आहे, आणि ‘मेसेजेस’ फाइल मात्र त्या पहाटेवर थांबलेली, असे चित्र दिसते. डीमन थांबवून ती स्थिती-फाइल बाजूला केली की प्रवाह सुरू होतो. जर्नल मुळात डिस्कवर ठेवलेच नसेल, म्हणजे ‘/व्हार/लॉग/जर्नल’ ही निर्देशिका नसेल, तर मूळ मांडणीत ते मेमरीत राहते आणि वीज गेली की सारेच जाते.

वेळेचा घोळही याच सुमारास उघड होतो. मदरबोर्डवरचा सेल संपलेला असला की यंत्र भलतीच तारीख घेऊन उठते. जुन्या ३१६४ पद्धतीच्या संदेशात ना वर्ष, ना कालविभाग. त्यामुळे एक यंत्र भारतीय वेळेवर आणि दुसरे यूटीसीवर असले, तर रात्री ११.३० ची घटना संध्याकाळी ६ ची म्हणून नोंदली जाते. ५४२४ पद्धतीचा वेळेचा शिक्का वापरणे आणि सर्व यंत्रे एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळे जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवणे हाच उपाय.

डिस्क आणि फिरते लॉग : डिस्कची मोकळी जागा सांगणारी ‘डीएफ’ डिस्क भरली म्हणते आणि फाइलींची बेरीज करणाऱ्या ‘डीयू’ला तेवढ्या फाइली सापडत नाहीत, तेव्हा कोणीतरी मोठी लॉग फाइल हाताने पुसलेली असते आणि प्रोग्रामने ती अजून उघडी धरलेली असते. जागा मोकळी होण्यासाठी त्या प्रोग्रामला फाइल सोडायला लावावी लागते. ‘एलएसओएफ +एल१’ त्याचे नाव सांगते. जुने लॉग बाजूला करून नवी फाइल सुरू करणाऱ्या लॉगरोटेटने फाइलीचे नाव बदलल्यानंतर डीमनला संकेत पोचला नाही, तर तो जुन्याच फाइलीत लिहीत राहतो आणि नवी कोरी राहते. डिस्कवर जागा दिसूनही लिहिता येत नसेल तर ‘डीएफ -आय’ने आयनोड (प्रत्येक फाइलीला लागणारी नोंद) संपले का पाहावे.

किती दिवसांचे लॉग ठेवायचे हा प्रश्न आता सोयीपुरता राहिलेला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग सलग १८० दिवसांचे जपायचे आहेत, ठरावीक सायबर घटना ध्यानात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत आणि घड्याळे एनटीपीने जुळलेली हवीत. बहुतेक लिनक्सवर लॉगरोटेटची मूळ मांडणी आठवड्याला एक फाइल आणि जुन्या चार फाइली अशी असते. म्हणजे जेमतेम महिनाभराचे लॉग. गोव्यातील हॉटेल असो, पतसंस्था असो की वेर्ण्याचा कारखाना, सर्व्हर बसवताना तो चारचा आकडा कोणी बदलला नसेल, तर मार्चमधील घुसखोरीचा माग जुलैत निघणार नाही. साप्ताहिक फाइलींसाठी तो निदान २६ करावा, दाबून ठेवण्याचा पर्याय चालू करावा आणि ‘/व्हार/लॉग’ला वेगळे विभाजन द्यावे.