काका उपयोगी पडले, भाचे सुटले: जेफरसन-हेमिंग्ज वंशावळीचा उलगडा

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन १८२६ साली वारले, तेव्हा पत्नी मार्थापासून झालेल्या अपत्यांपैकी एक मुलगीच हयात होती. मुलगा नव्हता. बापाकडून फक्त मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र त्यामुळे या शाखेत पुढे गेलंच नाही. व्हर्जिनियातल्या त्यांच्या मॉंटिसेलो या मळ्यावर गुलामीत असलेल्या सॅली हेमिंग्जच्या मुलांचा बाप कोण, हा प्रश्न १८०२ पासून छापून येत होता. तो तपासायचा, तर जेफरसनांचं वाय आणायचं कुठून?

थडगं उकरावं लागलं नाही. थॉमस यांचे काका फील्ड जेफरसन यांच्या दोन मुलांचे पुरुषवंश अजून चालू आहेत. पुतण्याचं वाय आजोबांकडून येतं, काकाचंही तिथूनच. म्हणून काकाच्या खापरपणतूचं रक्त चालतं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी यूजीन फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी त्या वंशातल्या पाच पुरुषांचे नमुने घेतले. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या पुरुषवंशातला एकच नमुना मिळाला.

वाय गुणसूत्राचा बहुतांश भाग पिढीगणिक तसाच उतरतो. त्यावर ठरावीक जागी डीएनएच्या काही अक्षरांचा छोटा तुकडा पुन्हापुन्हा येतो. किती वेळा, ते मोजायचं. अशा ११ जागा, शिवाय क्वचितच बदलणाऱ्या ७ खुणा आणि एक मोठा पुनरावृत्त पट्टा, अशा १९ ठिकाणांची नोंद झाली. फील्डच्या पाच वंशजांपैकी चौघांचे आकडे तंतोतंत जुळले, पाचव्याचा एका जागी एकाच पायरीचा फरक होता. नक्कल होताना एखादा तुकडा वाढतो किंवा गळतो, त्यामुळे एवढ्या फरकाने नातं तुटत नाही. अनेक जागी फरक दिसला, तर मात्र मधे कुठे तरी दत्तक किंवा वेगळा बाप आहे असं समजावं.

एस्टनच्या वंशजाचे आकडे जेफरसनांशी जुळले. सुमारे १,२०० असंबंधित पुरुषांमध्ये आकड्यांचा हा साचा सापडला नव्हता, तेव्हा निव्वळ योगायोग मानणं कठीण.

जेफरसनांच्या नातवंडांनी बोट दाखवलं होतं ते पीटर आणि सॅम्युएल कार यांच्याकडे. हे थॉमस यांच्या बहिणीचे मुलगे, म्हणजे भाचे. भाच्याचं वाय त्याच्या बापाच्या घराण्याचं असतं, त्यामुळे कार घराण्याचा साचा वेगळाच निघाला आणि एस्टनच्या बाबतीत तो दावा बाद झाला. स्वतःला सॅलीच्या थोरल्या मुलाचे वंशज मानणाऱ्या वुडसन कुटुंबाचं वायही जेफरसनांशी जुळलं नाही.

पण ही चाचणी घराणं सांगते, माणूस नाही. थॉमस यांचा भाऊ रँडॉल्फ आणि त्याचे मुलगे यांचंही वाय तेच होतं. इथून पुढचं काम कागदांचं, आणि आमच्या मते खरा निवाडा तिथेच होतो. एस्टनचा जन्म २१ मे १८०८ चा. त्यातून गर्भारपणाचे सुमारे २६७ दिवस वजा केले की ऑगस्ट १८०७ ची अखेर येते, आणि तेव्हा राष्ट्राध्यक्ष जेफरसन राजधानी सोडून मॉंटिसेलोला आलेले होते. सॅलीच्या प्रत्येक नोंदलेल्या बाळंतपणाचा असा हिशेब केला, तर गर्भधारणेच्या काळात ते दर वेळी घरी सापडतात. मॅडिसन या मुलाने १८७३ साली ओहायोतल्या वृत्तपत्रात वडील म्हणून त्यांचंच नाव सांगितलं होतं. त्याच्या शब्दाला सव्वाशे वर्षं किंमत दिली गेली नाही, हे मनाला लागतं.

अशा कुटुंबांची वंशावळ शोधताना कागदच दगा देतात. व्हर्जिनियात १६६२ च्या कायद्याने आई गुलाम असेल तर मूलही गुलाम ठरे, म्हणून मळ्याच्या वहीत मुलं आईच्या नावाखाली येतात, बापाचा रकाना नसतो. १८५० आणि १८६० च्या गुलाम-गणनेत मालकाचं नाव असतं, पण गुलामांचं बहुधा फक्त वय, लिंग आणि वर्ण. नावानिशी शोध घ्यायचा तर गुलामी संपल्यानंतरच्या १८७० च्या जनगणनेपासून मागे यावं लागतं. त्यात आडनावं बदलतात: एस्टनने १८५२ मध्ये विस्कॉन्सिनला जाऊन जेफरसन आडनाव लावलं आणि कुटुंब गोरं म्हणून राहिलं, तिथे हेमिंग्ज शोधून तो सापडणार नाही. त्याची मोठी भावंडं बेव्हर्ली आणि हॅरिएट १८२२ मध्ये मॉंटिसेलो सोडून गेली, गोऱ्या समाजात मिसळली. त्यांनी कोणतं आडनाव लावलं हे कुठेच मिळत नाही, आणि वहीत त्या दोघांपुढे फक्त ‘पळाले, २२’ अशा अर्थाची नोंद आहे.