इथेनॉलच्या तीन शिखरांपासून डीएनएच्या खाचेपर्यंत

सांगली भागात इथेनॉल कुणाला नवं नाही; कारखान्याची मळी कुठं जाते हे पोरांना ठाऊक असतं. एम.एस्सी.ला एनएमआर (चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरींनी रेणूची रचना ओळखण्याचं तंत्र) शिकवतानाही फळ्यावर बहुधा पहिला येतो तो इथेनॉलचाच स्पेक्ट्रम, म्हणजे शिखरांचा आलेख. त्यामागचं एस. एस. धर्मट्टी हे भारतीय नाव मात्र वर्गात क्वचितच घेतलं जातं, याची मला खंत वाटते.

चुंबकीय क्षेत्रातली अणुकेंद्रकं ठरावीक वारंवारितेच्या रेडिओलहरींना दाद देतात, हे फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ च्या सुमारास स्वतंत्रपणे दाखवलं. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि पॅकार्ड यांना इथेनॉलमधल्या हायड्रोजनची तीन वेगवेगळी शिखरं मिळाली. अणू तोच, पण शेजार बदलला की जागा बदलते. पुढे धर्मट्टींनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एनएमआरचं काम उभं केलं. (मिरजेला एमआरआय काढायला जाणाऱ्या पेशंटची तपासणीही याच तत्त्वावर होते.)

पेप्टाइडमध्ये (अमिनो आम्लांच्या साखळीत) शिखरांची नुसती गर्दी होते. ती फोडायला दुसरी मिती लागली, म्हणजे एका रेषेऐवजी नकाशासारखा दोन अक्षांचा स्पेक्ट्रम. १९८० मध्ये अनिल कुमार, रिचर्ड अर्न्स्ट आणि कुर्ट व्युथ्रिख यांच्या प्रयोगातून सुमारे ५ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) आत असलेल्या हायड्रोजनच्या जोड्या कळू लागल्या. अशी शेकडो अंतरं जुळवली की साखळीची घडी उलगडते, तीही स्फटिक न बनवता, द्रावणातच.

औषधांच्या दृष्टीनं मला सगळ्यात मोलाची वाटते ती डिस्टामायसिनची गोष्ट. पेप्टाइडसारखे बंध असलेलं हे प्रतिजैविक डीएनएच्या अरुंद खाचेत, ए-टी जोड्यांच्या पट्ट्यात बसतं (डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांत ए-टी आणि जी-सी अशा जोड्या असतात). खाचेत एकच रेणू मावतो असं चित्र होतं. १९८९ मध्ये पेल्टन आणि वेमर यांनी एनएमआरनं दाखवलं, की तिथं दोन रेणू उलटसुलट, एकमेकांना खेटून बसू शकतात. खाच तेवढी रुंदावते.

दोन रेणू म्हणजे डीएनएचे दोन्ही धागे वाचायची सोय! डिस्टामायसिनमध्ये पिरोल नावाच्या कड्या असतात; एका रेणूतल्या पिरोलसमोर दुसऱ्यात इमिडाझोल ही किंचित वेगळी कडी ठेवली की जी-सी जोडीही ओळखता येते, आणि इमिडाझोल कुठल्या धाग्यासमोर येतं त्यावरून जी कोणत्या बाजूला आहे तेही कळतं. कॅलटेक या अमेरिकी संस्थेत पीटर डर्व्हन यांच्या गटानं याच नियमावर हवा तो क्रम वाचणारे पॉलिअमाइड, म्हणजे अशा कड्या पेप्टाइडसारख्या बंधांनी जोडलेले रेणू, रचले. आता खरी झुंज आहे ती एवढा मोठा रेणू पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचवण्याची.