दोनशे फुटांवर दोर तुटला तर

ग्लायडरला इंजिन नसतं. त्यामुळे एक लहान विमान त्याला साधारण 60 मीटर लांबीच्या दोराने ओढत वर नेतं. (पुण्यात हडपसरला हेच काम जमिनीवरच्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळून घेणाऱ्या यंत्राने करत आले आहेत, तिथला हिशेब थोडा वेगळा.) हा दोर उड्डाणानंतर लगेच तुटला तर?

ओढ थांबते, पण नाक अजून वरच असतं. चढ पाच अंशांचा धरला तरी वेग दर सेकंदाला ताशी 4 किलोमीटरने घसरतो. म्हणून आधी नाक खाली, बाकी सगळं नंतर. अमेरिकेत शिकाऊ वैमानिक उंची गाठताच 'दोनशे फूट' असं मोठ्याने म्हणतो. त्याच्या आत दोर तुटला तर समोर जे मैदान दिसेल तिथे उतरायचं. त्यावर असेल तर वळून धावपट्टीकडे परतता येतं.

वळायचं तेही चांगलं 45 अंश कलून. ताशी 100 किलोमीटर वेगाने असं अर्धं वर्तुळ नऊएक सेकंदांत पुरं होतं. 30 अंशांत पंधराच्या वर लागतात आणि उंचीही जास्त जाते. मात्र 45 अंशांत स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख ग्लायडरला पेलू शकत नाहीत तो वेग, 19 टक्क्यांनी वाढतो. ग्लायडर सरळ उडताना ताशी 65 ला स्टॉल होत असेल, तर इथे 77 लाच होईल. वळल्यावर वारा पाठीशी येतो, खालची जमीन भराभर मागे पळते आणि आपण फार वेगात आहोत असं वाटून हात नकळत सुकाणूची काठी मागे ओढतो, नाक वर जातं आणि वेग घसरतो. नेमकी इथेच माणसं मरतात. नजर वेगमापकावर हवी.

माझ्या मते याहून फसवा प्रसंग दोर शाबूत असतानाचा. पुढच्या विमानाने पंख डावी-उजवीकडे कलवले तर अर्थ 'लगेच सुटा'. नुसतं शेपटीचं रडर, म्हणजे तिथली उभी हलती फळी, हलवलं तर 'तुमचे एअरब्रेक (पंखांवरच्या, उंची झपाट्याने घटवणाऱ्या पट्ट्या) उघडे आहेत, बंद करा'. पण घाईत वैमानिक दुसऱ्या इशाऱ्यालाही पहिलाच समजतो, दोर सोडतो आणि उघड्या एअरब्रेकनिशी दगडासारखा खाली येतो. हात एअरब्रेकच्या निळ्या दांड्याकडे जायला हवा होता, गेला दोर सोडायच्या पिवळ्या मुठीकडे. म्हणून प्रशिक्षणात भरपूर उंचीवर गेल्यावर हा रडरचा इशारा मुद्दाम देऊन घेतात.