पंखा थांबला की जाग का येते?

रात्री वीज गेली की उकाडा जाणवायला दहा मिनिटं तरी लागतात. जाग मात्र पंखा थांबल्या थांबल्या येते. कासारवडवलीत राहायला आल्यापासून हे मी कितीदा तरी अनुभवलंय. पंख्याची घरघर थांबते आणि घोडबंदर रोडवर खड्ड्यात आदळणारा प्रत्येक कंटेनर थेट उशाशी येतो. कंटेनर तर आधीपासूनच जात असतात!

झोपेत कान मिटत नाहीत. आवाज मेंदूतल्या थॅलॅमसपर्यंत पोचतो आणि त्यातला किती पुढे सोडायचा, हे बरंचसं तिथे ठरतं. या पहाऱ्याची खूण मेंदूच्या आलेखात दिसते: सेकंदाला साधारण 11 ते 16 कंपनांचे छोटे झुबके, मधे फुगीर आणि टोकांना निमुळते, चरख्यावरच्या चातीसारखे. इंग्रजी नावही त्यावरूनच पडलं, स्लीप स्पिंडल. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्या झोपेत हे झुबके जास्त होते त्यांची झोप आवाजाने कमी मोडली. एकाच घरात एकाला हॉर्नने जाग येते आणि दुसरा ढिम्म असतो, त्यामागे हेही एक कारण असावं.

पहाऱ्याला खटकतो तो मुख्यतः बदल. समजा, शांत खोलीत 30 डेसिबल आहेत आणि हॉर्न 55 चा आला, तर उडी 25 ची. पंख्याने आधीच 45 केले असतील, तर तीच उडी 10 ची. हॉर्न तेवढाच, पण तो निम्मा बुडालेला. मोबाइलवरचा ‘व्हाइट नॉइज’ हेच करतो. पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग, तशा त्यात सगळ्या कंप्रता, म्हणजे खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्या, सारख्या जोराने. ‘पिंक’मध्ये वरच्या पट्टीचा जोर कमी होत जातो, ‘ब्राउन’मध्ये त्याहून झपाट्याने. (हा ब्राउन म्हणजे तपकिरी नव्हे. 1827 मध्ये परागकणांतल्या सूक्ष्म कणांची थरथर पाहणारा रॉबर्ट ब्राउन, त्याचं हे नाव.) माझी आई देवरुखची. तिला कौलांवरचा पाऊस लावून दिला की लगेच डोळा लागतो, आणि तोही याच जातीचा, सलग, विनाअर्थाचा आवाज. गाणी किंवा बातम्या लावून हे साधत नाही, कारण शब्द लागले की मेंदू ऐकू लागतो.

पण हे औषध म्हणून विकलं जातं, ते मला पटत नाही. सलग आवाजाने झोप सुधारते का, हे पाहणाऱ्या अभ्यासांचा 2021 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा पुरावा फारच कच्चा निघाला. शिवाय सलग आवाज हाही शेवटी आवाजच. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबलची मर्यादा आपल्याच नियमांत आहे. रस्त्याचा गोंगाट बुडवायला त्याहून मोठा गोंगाट घरात आणू नये. आधी खिडकीच्या फटी बुजवाव्यात, मग पंखा.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर फारच जपायला हवं. 2014 मध्ये बाळांना झोपवणारी 14 यंत्रं पूर्ण आवाजात तपासली, तेव्हा त्यातली तीन 30 सेंटीमीटरवर 85 डेसिबलच्या पुढे गेली. कारखान्यात रोज आठ तास एवढा आवाज असेल, तर कामगारांच्या कानांची काळजी घ्यावी लागते. म्हणून यंत्र किंवा मोबाइल पाळण्यात नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावा, आवाज अगदी हलका असावा, आणि बाळ झोपलं की बंद करावा.